अळणी भरीत

फैजपूरच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी सव्वा किलोचा उपग्रह केला. त्यांची म्होरकी माझी बहीण रूपाली. चार वर्षं तिला तहानभूक नव्हती, आणि मी तिला ‘आभाळवाली’ म्हणून चिडवायचो.

बंगळुरूला न्यायच्या आदल्या संध्याकाळी मायला दाखवायला म्हणून तिने तो घरी आणला. काळा चौकोनी डबा, दोन अँटेना दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेल्या. वर गेल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, अँटेना उघडतात आणि उपग्रह बोलायला लागतो. रूपालीने हे सगळं समजावलं. मायने मान डोलावली. मायची मान कशालाही डोलते.

उपग्रह वर गेला आणि बोललाच नाही. गच्चीवर रूपाली कानाला यंत्र लावून बसायची. आणून ठेवलेले पेढे मुंग्यांनी खाल्ले. शेवटी कॉलेजने प्रयोगशाळेला कुलूप घातलं.

मायने मात्र मीठ सोडलं. “तो बोलीन तव्हाच खाईन.” महिन्या-दीड महिन्यात ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मीठ द्यायला बजावलं, पण ऐकेल तर ती माय कसली!

रूपाली तिच्या उशाशी बसून रडली.

“रडू नको व,” माय म्हणाली. “त्याले काही व्हत नाही. त्याच्या कमरेचा दोरा भल्ता बारीक होता, तुटला असता. म्या मुक्ताईच्या पायाशी ठेवलेला करदोडा बांधला वरून. तान्ह्या लेकराले बांधतो ना, तसा.”

रूपालीचं रडणं एकदम थांबलं. तार टेकली होती ती फक्त नायलॉनला. नायलॉन जळालाही असेल. करदोडा तसाच राहिला. काळ्यावर काळा, कुणाला दिसणार? मला मायचा असा संताप आला की ओरडणारच होतो. रूपालीने माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर कुठल्याशा दुसऱ्याच उपग्रहाची टिकटिक मायला ऐकवली. “बोलला गं माय.”

माय लहान पोरीसारखी हसली. भरतात स्वतः मीठ कालवलं आणि लेकीला एकाच ताटात घेऊन बसली. रूपाली एकच घास चिवडत राहिली.

जेवण झाल्यावर मायने देवघरातून उरलेला करदोडा आणून तिच्या हातात ठेवला.

“पुढच्याले लागीन. आता तूच बांधजो.”

“हो,” रूपाली म्हणाली.