मी वाजले ते बरोबरच होतं

मी शिट्टी बोलतेय, रेफरीची. आज मी रागावलेय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं, एकाने जोरात फुंकून पारखलं आणि खोक्यात टाकलं. दुकानातून मला माझ्या मालकाच्या बायकोने आणलं. तो एकेकाळचा नावाजलेला फुटबॉलपटू. मागून आलेल्या एका आडदांडाने त्याचा गुडघा फोडला आणि खेळणं कायमचं संपलं. त्या वेळी रेफरीने शिट्टीसुद्धा वाजवली नव्हती!

घरात धुमसत बसलेल्या नवऱ्याच्या हातात बायकोने मला ठेवलं. "नुसता चडफडू नकोस. आता तू वाजव."

त्याने परीक्षा दिली, रेफरी झाला. पूर्वी रेफरीच्या अंगावर धावून जाणारा हा गडी आता शिव्या खाऊनही गप्प राहायचा. त्याचे आवळलेले दात तेवढे मला जाणवायचे.

मग अंतिम सामना आला, त्याच्याच जुन्या क्लबचा. "हा सामना मला नको," त्याने फुटबॉल संघटनेला आधीच कळवलं होतं. "दुसरं कोणी मोकळं नाही," उत्तर आलं. मोकळे बरेच होते. संघटनेला त्याच्याकडून हवी होती क्लबवर मेहेरबानी.

सामना संपत आलेला, बरोबरी. क्लबच्या बचावपटूने समोरच्या पोराला मागून आडवं केलं. हाड मोडल्याचा आवाज मीही ऐकला. माझ्या मालकाने सगळा श्वास माझ्यात ओतला. लाल कार्ड, पेनल्टी, गोल. क्लब हरला.

ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, त्यांनीच बाटल्या फेकल्या. कपडे बदलायच्या खोलीत त्याचा जुना कप्तान, आता क्लबचा व्यवस्थापक, दार ढकलून शिरला.

"आपल्याच माणसांचा गळा कापलास?"

"त्या पोराचा पाय पाहिलास का?"

"पाय बरा होतो रे. गेलेला कप परत येतो का?"

मालकाने मला मुठीत असं आवळलं की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली.

पुढे संघटनेने बोलावलं. "निर्णय चुकला एवढंच म्हण, प्रकरण मिटवू."

"चुकला नाही."

झालं! त्याला सामने देणं बंद केलं. पाय मोडणारा मात्र खेळतोय, टाळ्या घेतोय.

मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, मेणबत्त्या आणि संपलेल्या सेलांशेजारी पडलेय. बाहेर टीव्हीवर सामना लागला की तो ताडकन उठल्याचा आवाज येतो. मग बायको हळूच म्हणते, "बस रे."

मी निरोप घेत नाही, दयाही मागत नाही. पुढच्या वेळी तुमचा लाडका खेळाडू कुणाला लोळवेल, तेव्हा आधी पडलेल्याकडे बघा. मग द्या रेफरीला शिव्या, तोंड उघडलंच तर.