मागच्या स्प्रिंगा

आमच्या ह्यांना मी सरळ सांगितलं होतं, त्या पोरीला गाडीला हात लावू देऊ नका. ऐकतात कुठले! माणूस पन्नाशीला आला तरी खेळण्यातली गाडी दिसली की डोळे लकाकतात. आणि त्या गाडीबद्दल कुणी दोन शब्द गोड बोललं, की विरघळलेच.

गाडी म्हणजे रिमोटवरची, हातभर लांब. ह्यांचे दोस्त गफूरभाई, त्यांनी दुबईहून आणलेली. मोटर जळली म्हणून आमच्या दुकानात टाकून गेले, आणि मग मुलासाठी, फैझानसाठी, दुसरी आणली तेव्हा ह्यांना म्हणाले, "लवू, ही तूच ठेव." माळनाक्याला आमचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. हे खोलतात नि जोडतात, मी मोटर गुंडाळते, म्हणजे जळलेली तार काढून नवी भरते. लग्न झालं तेव्हापासून तेच करतेय. त्या गाडीची मोटरही मीच गुंडाळली. सरळ पट्ट्यात अख्ख्या रत्नागिरीत तिला तोड नव्हती, कुणालाही विचारा.

दोन हजार चार साल ते. पावसाळा सरला की आंबे येईपर्यंत एका कॅनिंगवाल्याचं सिमेंटचं आवार रिकामं असायचं. दर रविवारी तिथं ह्या मोठ्या पोरांच्या शर्यती. आमची गाडी सरळ पट्ट्यात सगळ्यांना मागे टाकायची आणि वळण आलं की मागून घसरून गर्रकन उलटी फिरायची. लोक हसायचे. ह्यांनी एकदा मागच्या चाकांना फणसाचा चीक फासला. चिकटेल म्हणे! एका फेरीत चाकांनी आवारातली सगळी तांबडी धूळ गोळा केली, नाचणीच्या पिठात घोळल्यासारखी.

मग मी माझं डोकं चालवलं. सैल गुंडाळलेली कॉइल जळते, हे माझं शास्त्र. जे काय असेल ते घट्ट हवं. म्हणून मागच्या शॉकअपला टणक स्प्रिंगा घातल्या. गाडी आणखीच उधळली. तरी हे काही बोलले नाहीत. "मथू, बघ गो जरा परत," एवढंच.

आमच्या वरच्या खोलीत नीरजा भाड्यानं राहायची. देवरूखची, इथं इंजिनिअरिंगला. एका संध्याकाळी दुकानात डोकावली, गाडी दोन्ही हातांनी दाबून बघितली आणि म्हणाली, "काकी, मागचं मऊ करून बघूया का? इतकं टणक असलं की वळताना मागची चाकं जमिनीला धरून राहत नाहीत, उडतात. मऊ असलं की गाडी मागे बसेल, चाकं दाबली जातील."

"वा! हे सुचलंच नाही आपल्याला," हे म्हणाले. आपल्याला! मला सुचलं नाही, असं म्हणायचं होतं.

झालं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ही दोघं गाडीवर वाकलेली. मऊ स्प्रिंगा घाल, शॉकअपमधलं तेल पातळ कर, चार फेऱ्या मार, परत खोल. मी चहा नेला की हे मान वर न करता म्हणायचे, "ठेव तिथं." आणि इतकी वर्षं जे "मथू, बघ गो" होतं, ते आता "नीरजा, बघ गो" झालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

भलतंसलतं मनात आणू नका. तसला संशय नव्हता हो मला. असता तर परवडलं असतं, झिंज्या धरून घराबाहेर काढली असती. पोर गुणाची. मुलीसारखी. पण ह्यांच्या शेजारची ती एक जागा होती ना, ती माझी होती. मला मूलबाळ नाही, दागदागिन्यांची हौस नाही. एकाच मोटरीवर दोघांनी वाकायचं, एवढंच माझं होतं, आणि ते ही मेली हसत हसत घेऊन गेली.

मग मीही वागले मला वागायचं तसं. तिच्या चहात साखर कमी पडायला लागली. आंघोळीचं पाणी कोमट. एकदा तर तोंडावर म्हटलं, "भाडेकरूनं आपलं वर राहावं." "हो काकी," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खाली आली नाही. तर हेच जिना चढून बोलवायला गेले! मी रात्री जेवले नाही. "पोट बिघडलंय का?" म्हणून विचारलं ह्यांनी. धन्य तो माणूस.

मोसमातली शेवटची शर्यत होती त्या रविवारी मीही गेले. गाडी घसरावी असं मनापासून वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण ती मेली प्रत्येक वळणाला अशी खाली बसून, जमिनीला धरून गेली की बघत राहावं. फैझानची गाडी पार मागे पडली. आम्ही जिंकलो.

गफूरभाई लगबगीनं आले. "लवू, मागची बाजू कुणी बसवली रे अशी?"

"कुणी म्हणजे? आमच्या मथूनं!" हे ओरडून म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीरजानं सर्वांत जास्त. माझं डोकंच फिरलं. भीक घालतायत मला?

"खोटं बोलू नका!" मी सगळ्यांदेखत म्हटलं. "मोटर माझी आहे. मागची बाजू ह्या पोरीची आहे. माझं असेल तेवढंच मला द्या."

टाळ्या थांबल्या. ह्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "अगो, तिनंच सांगितलं मला. काकींचं नाव घ्या म्हणाली."

मी नीरजाचा हात धरला आणि तिला आवाराच्या दगडी गडग्याकडे ओढत नेलं. "काय गो, माझी दया आली तुला?"

"नाही काकी." तिचे डोळे भरले होते. "आमच्या वर्कशॉपात मुलं माझ्या हातात पाना देत नाहीत. तू बाजूला बसून लिहून घे, म्हणतात. तुमच्याकडे पहिल्यांदा मला काम करायला मिळालं. तुम्ही रागावलात, तर तेही बंद होईल ना. काकांच्या हातात कुठं काय आहे?"

"म्हणजे?"

"काका प्रत्येक स्क्रूला विचारतात, मथूला हे पटेल का? मी म्हणते, काकींनाच विचारा ना. तर म्हणतात, आधी नीट जमू दे. मथूला अर्धवट काम दाखवायची माझी छाती नाही."

मी वळून बघितलं. पलीकडे हे एकटेच गाडी पुसत उभे होते, आमच्याकडे बघत.

"उद्यापासून ये खाली," मी तिला म्हटलं. "मोटर गुंडाळायला शिकवते. आणि रडू नको, लोक बघतायत."

ती लगेच हसली. मी नाही हसले. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी हे मला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आणि ते ऐकायला मिळालं तेही तिलाच, माझ्या आधी.