ठिपक्यांचा टिलवा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी पाहिले. आता त्यांच्या नजरेचा नेमका मधला भाग गेला आहे. समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या बाजूची भिंत दिसते. गेल्या महिन्यात त्यांनी आपली दुर्बीण माझ्या बायकोच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "आता तू बघ आणि मला सांग. जे दिसेल तेच सांग." लहानपणी पहाटे उठायच्या कंटाळ्याने ही कधी त्यांच्याबरोबर गेली नव्हती. आता मात्र झपाटल्यासारखी शिकत होती.

त्या दुपारी आम्ही तिघं पाणथळीच्या काठावरच्या लाकडी खोपटात, खिडकीजवळच्या बाकावर बसलो होतो. मला पक्ष्यांमधलं ओ की ठो कळत नाही. थर्मास आणि पक्ष्यांचं पुस्तक सांभाळणं एवढंच माझं काम. थंडी अशी की चहा कपात पडेपर्यंत निवायचा.

"डावीकडे बदकं आहेत, थापट्या. चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतायत."

"नर किती?"

"एकच दिसतोय. बाकीचे पाठमोरे आहेत, सांगता येत नाही."

"शाब्बास," बाबा म्हणाले. त्यांची कळी खुलली होती.

पण त्यांचा सगळा जीव अडकला होता तो टिलव्यात. ठिपक्यांचा टिलवा हा लांब पायांचा पाहुणा पक्षी दर हिवाळ्यात इथे उतरायचा आणि बाबांनी तो एकदाही चुकवला नव्हता. यंदा तो येऊन निघून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, याची त्यांनी धास्ती घेतली होती.

ऊन उतरलं. बाबांचे हात कापायला लागले, तरी उठायचं नाव नाही.

"टिलवा?"

"अजून नाही, बाबा."

थोड्या वेळाने पुन्हा, "टिलवा?"

पुस्तक माझ्या मांडीवर त्याच पानावर उघडं होतं. हिने चित्राकडे एक नजर टाकली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"आला, बाबा. त्या गवताशेजारी. काळाभोर आहे, अंगभर पांढरे ठिपके."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली. "काळा?"

"हो, अगदी काळा."

"बरं झालं," ते म्हणाले. "चला, निघू या."

ते काठी टेकत बाहेर गेले. मी पुस्तक मिटायला घेतलं, तर पानाच्या तळाशी तोच पक्षी पुन्हा काढलेला, फिकट राखाडी. खाली लिहिलं होतं की काळा रंग फक्त उन्हाळ्यात, दूर उत्तरेला घरटी करतानाचा. हिवाळ्यात तो असाच करडा असतो. मी बोट ठेवून हिला दाखवलं.

हिचा चेहरा उतरला. "अरे, त्यांना थंडी बाधली असती," ती एवढंच म्हणाली. ते खरंच होतं आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. मला तिची फार कीव आली.

परतताना ही गाडी चालवत होती.

"पुढच्या रविवारी परत येऊ, बाबा," ती म्हणाली. "लवकर निघू. दिवसभर बसू."

"कशाला एवढी दगदग?" मागच्या सीटवरून बाबा अगदी मायेने म्हणाले. "घरीच बसू. तू पुस्तकातून वाचून दाखव."

आवाजात राग असता, तर हिला माफी तरी मागता आली असती.