कापलेलं एक मिनिट वीस सेकंद

बालवाडीच्या बाई, फ्राऊ हॉफमान, दारातच म्हणाल्या होत्या, "तीन आठवडे झाले, स्पृहा इथे एक शब्दही बोललेली नाही. आधी बोलायची. जरा लक्ष द्याल का?"

स्पृहाची आई निशिगंधा हसली. "घरी दोन भाषा आहेत ना, मुलांचा गोंधळ होतो. होईल ठीक." तिनं मुलीचा मफलर नीट केला आणि ती किटाच्या, म्हणजे तिकडच्या बालवाडीच्या, पायऱ्या उतरून गेली.

हे मी स्वतः ऐकलं. मी तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो, खोक्यात बंद. तासाभरापूर्वीच तिनं मला पोस्टातून सोडवून आणलं होतं. म्हणजे त्या घरात पाऊल टाकायच्या आधीच त्या घराची काळजी माझ्या कानावर पडली होती. पण मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. मला ऐकता येतं, बोलून सांगता येत नाही. माझी सगळी गोष्ट एवढ्या एका अडचणीची आहे.

वयानं मी फार जुना नाही. पण जे यंत्र कोणी लावत नाही ते जुनंच म्हणायचं. माझ्या छातीत एक पडदा आहे, कांद्याच्या आतल्या सालीसारखा पातळ. शब्द त्यावर आपटला की तो थरथरतो, आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी एक बाई बसायची. ती प्रत्येक माईकला नखानं टकटक करायची आणि एकच वाक्य म्हणायची, "ऐकू येतंय का?" सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. मला वाटायचं, काय हा सोपा प्रश्न!

तिथून मला बर्लिनच्या एका पॉडकास्ट कंपनीनं घेतलं. लोकांनी घरी बोलून पाठवलेले कार्यक्रम ही कंपनी जगाला ऐकवायची. नवीन माणसांना आधार द्यायची तिची एक योजना होती. माईक त्यांचा, सल्ला द्यायला माणूस त्यांचा, आणि आलेलं रेकॉर्डिंग कापून स्वच्छ करून देणाराही त्यांचाच. निशिगंधानं अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि २०१८च्या ऑक्टोबरात मी हेर्त्सोगेनआउराखला पोचलो.

गाव लहान. निशिगंधाचा नवरा कपिल तिथे बेअरिंगच्या कंपनीत इंजिनिअर. ती स्वतः पुण्यात पत्रकारिता शिकलेली, पण इथे आल्यापासून घरी. जर्मनच्या वर्गातल्या बाईंनी तिला सांगितलं होतं, रोजचा पेपर जड जातो ना, मग शनिवारच्या पुरवणीतली चित्रपट्टी वाचा; छोटी वाक्यं असतात. म्हणून घरी शनिवारचा पेपर येऊ लागला. आई आणि पाच वर्षांची स्पृहा जमिनीवर पालथ्या पडून ती पट्टी वाचायच्या.

पट्टीत पाच दोस्त होते. तीन मुलं, एक कुत्रा आणि त्सिम्ट. त्सिम्ट म्हणजे दालचिनी. ती एक मुलगी होती, निदान फ्रॉकवरून तसं वाटायचं. एरवी तपकिरी गोळा, दोन पांढरे डोळे आणि दातांची रांग. ती मागे उभी राहायची, हसायची आणि सगळ्यांच्या पिशव्या उचलायची. बाकीच्यांच्या तोंडातून शब्दांचा फुगा निघायचा. कुत्र्याच्यासुद्धा. त्सिम्टच्या तोंडातून कधीच निघाला नाही.

"आल्झो," कपिल चहा ओतता ओतता जर्मन थाटात म्हणाला, "कुत्र्याला डायलॉग आणि पोरीला नाही? कुत्र्याची युनियन स्ट्राँग दिसते."

"हसू नकोस रे. स्पृहा बघते हे दर शनिवारी."

"मग लिही की पेपरला."

तिनं खरंच लिहायला घेतलं. 'माननीय संपादक, माझी मुलगी पाच वर्षांची आहे' इथपर्यंत जर्मनमध्ये लिहून झालं. तेवढ्यात बर्लिनहून टोबियासचा फोन आला. हा कंपनीचा सल्लागार, मोठा उत्साही माणूस. तो म्हणाला, "एका गावातला एक पेपर, कोण ऐकणार? तुमचा विषय मोठा आहे. शंभर वर्षांत जगभरच्या पेपरांनी काळीसावळी माणसं कशी काढली, ते घ्या." सल्ला चुकीचा नव्हता. निशिगंधानं ते अर्धं पत्र टेबलावर ठेवलं, आणि मी डुगडुगू नये म्हणून मला त्यावर उभं केलं. पुढे सहा महिने मी त्या पत्रावरच उभा होतो.

कार्यक्रमाचं नाव 'पाचवी चौकट'. बोलणं इंग्रजीत. चित्रपट्टीला चार चौकटी असतात. ज्यांना त्या चारांत जागा मिळाली नाही, त्यांची ही पाचवी. निशिगंधा फार छान बोलायची, मित्रांनो. तिनं ग्रंथालयातून जुन्या पेपरांच्या प्रती मागवल्या आणि दाखवून दिलं की सावळी माणसं पट्टीत कुठे हमाल असतात, कुठे गारुडी, कुठे आचारी. आणि नाव दिलंच तर ते बहुतेक खाण्याच्या वस्तूचं. माझा पडदा तिच्या आवाजानं अभिमानानं थरथरायचा. ऐकणारे वाढले. परक्या देशांतून पत्रं आली. कंपनीनं तिचं नाव आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर टाकलं.

आणि स्पृहा? तिला मराठी समजायचं, उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. मग उत्तरं लहान होत गेली. मग नुसती मान.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी निशिगंधानं मला सुरू केलं, माझा लाल दिवा लागला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली. "अगं बाई!" म्हणत ती धावली. खुर्ची रिकामी झाली. स्पृहा तिच्यावर चढली आणि तिनं तोंड माझ्या अगदी जवळ आणलं. ती मराठीत बोलली. फार हळू.

"माईक, तुला एक सांगू? किटातली लेआ म्हणाली, डू बिस्ट त्सिम्ट, तू त्सिम्ट. मग मी त्सिम्ट झाले. सगळे मला तेच म्हणतात. त्सिम्टला फुगा नाही ना, म्हणून मी बोलायचं नाही. बोललं की आऊट. मग कोणी खेळात घेत नाही. मी आता घरीपण प्रॅक्टिस करते. लेआला मराठी कळत नाही, म्हणून तुला मराठीत सांगितलं." ती थांबली. बाहेर नळ चालू होता. "आई त्या पेपरवर चिडते, म्हणून तिला नाही सांगितलं. तू सांग. पेपरवाल्यांना विचार म्हणावं, त्सिम्टला फुगा कधी देणार? त्यांनी दिला ना, की मी बोलणार आहे."

पावलं वाजली तशी ती उतरली. निशिगंधा पदराला, म्हणजे ॲप्रनला, हात पुसत बसली आणि म्हणाली, "हॅलो, पाचव्या चौकटीत स्वागत."

मी सगळं टिपलं होतं. एकही श्वास सोडला नव्हता. मला वाटलं, माझं काम झालं. आता तारेच्या त्या टोकाला कोणीतरी ऐकेल.

ऐकलं की. बर्लिनला रेकॉर्डिंग कापणाऱ्या माणसानं ऐकलं. त्याला मराठी येत नव्हतं. दोन दिवसांनी त्याची नम्र मेल आली, ती निशिगंधानं फोनवर कपिलला वाचून दाखवली: "सुरुवातीला एक मिनिट वीस सेकंद लहान मुलाचा आवाज आला होता, तो काढून टाकला आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी दार बंद ठेवलंत तर बरं होईल."

"बघ ना, किती व्यवस्थित काम करतात," ती म्हणाली. तिनं माफी मागणारं उत्तर पाठवलं. पुढच्या शनिवारपासून दार बंद.

मी ओरडू शकलो असतो तर! पण माझ्यात आवाज आत येतो, बाहेर पडायला वाट नाही.

डिसेंबरात पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर होत्या. "निशिगंधा, पोरगी नुसती मान हलवते गं. गाणं म्हण म्हटलं तरी हसते फक्त. दात दाखवून."

"अहो आई, आमच्याकडे नेट स्लो आहे. आवाज पोचत नाही तुमच्यापर्यंत."

"नेट कसलं स्लो? तुझा येतोय की!"

यावर निशिगंधानं स्पृहाकडे वळून पाहिलं. पण इथल्या मराठी आयांच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: मुलं मध्येच गप्प होतात आणि मग एकदम फाडफाड जर्मन बोलतात, आमच्याकडेही झालं होतं, काळजी करू नकोस. तिला ते ऐकायचं होतं. तिनं ते ऐकलं.

फेब्रुवारीत कोलोनला कंपनीचा मोठा कार्यक्रम झाला. ती मलाही घेऊन गेली. मंचावर ती म्हणाली, "ज्या मुलांना पेपरात शब्द मिळत नाहीत, ती हळूहळू समजू लागतात की आपल्याकडे शब्दच नाहीत." सभागृह टाळ्यांनी भरलं. मग टोबियासनं पहिल्या रांगेतल्या स्पृहाच्या हातात दुसरा माईक दिला. "आणि तुला काय वाटतं, छोट्या बाई?"

स्पृहानं तोंड उघडलं. मी मंचावरून पाहत होतो. तिच्या ओठांवर पहिलं अक्षर आलं होतं. मग तिनं भोवतालच्या त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तोंड मिटून ती हसली, सगळे दात दाखवून. लोक कौतुकानं म्हणाले, "किती लाजाळू!"

मार्चमध्ये एका शनिवारी पट्टी संपली. चित्रकार म्हातारे झाले होते, निवृत्त होत होते. शेवटच्या चौकटीत पाची दोस्त हात हलवत उभे होते. तीन फुग्यांत 'च्युस', म्हणजे 'येतो आम्ही'. कुत्र्याच्या फुग्यात 'भू भू च्युस'. त्सिम्ट मागे, हातात पिशव्या. फुगा नाही.

स्पृहानं ती चौकट बराच वेळ पाहिली. बोटानं त्सिम्टच्या डोक्यावरची मोकळी जागा चाचपली. मग पेपरची नीट घडी घातली. त्या दिवसानंतर ती घरीही बोलली नाही. पडल्यावर रडायची, तेही आवाज न करता. कपिलनं विनोद करणं सोडलं. आता निशिगंधा खरी घाबरली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कान ठीक, घसा ठीक.

एप्रिलमध्ये कंपनीनं ती आधाराची योजनाच बंद केली. टोबियासची मेल आली. त्याचीही नोकरी गेली होती, बिचाऱ्याची. त्यानं लिहिलं होतं, "तुमची सगळी मूळ रेकॉर्डिंग्ज, न कापलेली, परत पाठवतो आहे. महिनाभरात इथून पुसली जातील." निशिगंधानं कानाला हेडफोन लावले. स्वतःचा आवाज ऐकायचा, थोडं बरं वाटून घ्यायचं, एवढाच विचार असेल.

मी तिच्यासमोर होतो. तिचा चेहरा बदलताना पाहिला. स्पृहाचं ते एक मिनिट वीस सेकंदांचं बोलणं तिनं परत लावलं. परत लावलं. मग माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी साक्षीदार असून कोर्टात गप्प बसलो होतो.

मला उचलून तिनं खालचं पत्र काढलं. त्यावर माझ्या बुडाचा गोल डाग होता. त्याच दिवशी तिनं ते पुरं करून पोस्टाच्या पेटीत टाकलं. आठवड्यानं उत्तर आलं: पट्टी आता बंद झाली आहे, आपण रस दाखवलात त्याबद्दल आभार.

मग तिनं जपून ठेवलेली ती शेवटची पट्टी काढली. त्सिम्टच्या तोंडापाशी पेन्सिलीनं एक मोठा फुगा काढला, आत कोरा. "स्पृहा, हा बघ आला फुगा. आईनं उशीर केला गं. आता लिही, बोल, काय हवं ते."

स्पृहानं आईकडे पाहिलं. पेन्सिल बाजूला ठेवली. खोडरबर घेतला, आणि तो फुगा पुसून टाकला. कागद फाटू नये म्हणून अगदी हळूहळू.

निशिगंधा तेव्हा रडली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि काही शिजत नसताना तिनं कुकर घासायला घेतला.

आता २०१९ संपत आलंय. स्पृहा पहिलीत जाते. शाळेच्या पहिल्या दिवशी इकडे मुलांच्या हातात खाऊनं भरलेला मोठा कागदी शंकू देतात. तो छातीशी धरून ती उभी होती. बाईंनी एकेकाला नाव विचारलं. तिचं नाव आईनं सांगितलं. दर मंगळवारी ती गप्प झालेल्या मुलांना मदत करणाऱ्या एका बाईंकडे जाते. त्या तिला बोल असं कधीच म्हणत नाहीत, नुसत्या शेजारी बसून चित्रं काढतात. त्या म्हणतात, वेळ लागेल. किती, ते कोणालाच सांगता येत नाही.

'पाचवी चौकट' बंद आहे. मी फडताळात असतो. फक्त शनिवारी निशिगंधा मला काढते, तार न लावता टेबलावर ठेवते, दार सताड उघडं टाकते आणि स्वयंपाकघरात जाते. कुकर लावत नाही. नळही सोडत नाही. उंबऱ्यापाशी भिंतीला पाठ टेकून बसते आणि ऐकत राहते. परवा स्पृहा खुर्चीवर चढली. मला नखानं टकटक केलं. तोंड जवळ आणलं. तिचा श्वास माझ्या जाळीवर उमटला. मग ती उतरून खेळायला गेली.

मित्रांनो, त्या तपासणीच्या बाईंचा प्रश्न मला सोपा वाटायचा. तो सोपा नाही. मला सगळं ऐकू आलं होतं, निशिगंधाला सगळं बोलता येत होतं, बर्लिनच्या माणसाला सगळं स्वच्छ करता येत होतं. आणि तरीही एक मूल आमच्या तिघांच्या मधून निसटलं.

माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला धूळ बसली तर बसू दे. पण तुमच्या खेळात कोणी तरी असेल. मागे उभं राहणारं, सगळ्यांची दप्तरं उचलणारं, विचारलं की नुसतं हसणारं. त्याला तुम्ही एखादं गमतीचं नाव दिलं असेल, आणि त्यानं ते घेतलंही असेल, खेळातून काढू नये म्हणून. उद्यावर टाकू नका. आजच जा, त्याच्या शेजारी बसा आणि त्याचं खरं नाव विचारा. मग थांबा. उत्तर यायला एक मिनिट लागेल, वीस सेकंद जास्त लागतील. तेवढं कापू नका.