एस्तेरबाईंची पेटी

सुभेदार शांतवन आवळे हे आमच्या कोडोलीच्या ख्रिस्ती मंडळीचे आधारस्तंभ होत. एकाहत्तरच्या युद्धात ते पंजाबच्या सीमेवर खंदकात राहिले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी उर्वरित आयुष्य चर्चच्या व गावाच्या कार्यास अर्पण केले. चर्चचे पत्रे बदलणे असो किंवा वारणेच्या पुरातून माणसे बाहेर काढणे असो, सुभेदार सर्वांच्या पुढे असत. कबर खणण्याच्या कामी तर त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. ओल्या काळ्या मातीत सरळ भिंतीचा खड्डा घ्यायचा नाही, कडेने पायऱ्या पाडायच्या, उपसलेली माती काठापासून लांब टाकायची, ही त्यांची शिस्त. दुसरी शिस्तही त्यांनीच घातलेली होती. ज्या घरात मृत्यू झाला त्या घरच्या माणसाने कबर खणून होईपर्यंत तिकडे फिरकायचे नाही. घरच्यांनी दुःख करावे आणि खड्डा शेजाऱ्यांनी खणावा, असे ते म्हणत.

गेल्या श्रावणात त्यांच्या पत्नी एस्तेरबाई वारल्या, तेव्हा या दोन शिस्ती एकमेकींवर आदळल्या.

एस्तेरबाईंची पेटी मी केली. माझे नाव आकाराम. शिरोली एमआयडीसीत मी ओतकामाचे लाकडी साचे करतो, त्यामुळे मंडळीत कोणी वारले की पेटीचे काम माझ्याकडे येते. आंब्याच्या जाड फळ्या मी रंधून आरशासारख्या केल्या होत्या, कारण त्या माउलीने मला लहानपणी पुष्कळदा जेवू घातले होते. दुपारी दफन होते. पेटी चर्चमध्ये ठेवलेली होती आणि तिच्या उशाशी सुभेदार ताठ बसले होते. बाहेर झड लागलेली होती.

त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले.

"आकाराम, पायऱ्या पाडल्यात न्हवं पोरांनी?"

"आबा, तुमी आज घरचं. तुमी इचारायचं न्हाय," मी म्हणालो.

त्यांचे डोळे दाराबाहेर दफनभूमीच्या दिशेने वळले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. मी खात्री करण्यासाठी निघालो.

दफनभूमी चर्चच्या मागेच आहे. खड्ड्यात राजवीर उतरलेला होता. हा आमच्या मंडळीतला नव्हे. शेजारच्या हंबीररावांचा एकुलता मुलगा, लग्नाला वर्षही न झालेला. एस्तेरबाई दवाखान्यात आया होत्या आणि जन्मल्यावर राजवीरला प्रथम हातात घेणारी स्त्री त्याच होत. म्हणून पहाटेच येऊन त्याने कुदळ हाती घेतली होती. खड्डा छातीच्या वर गेला होता. भिंती सरळ होत्या, आणि सगळी माती काठावरच रचलेली होती.

"राजवीर, पायऱ्या कुठं हायत रं?"

"आकारामदादा, आबा आज सुट्टीवर हायत," तो खालून हसत म्हणाला. "आज परेड न्हाय, बोंब न्हाय. पायऱ्या पाडत बसलो तर म्हातारी कंटाळून उठून घरला जाईल की!"

काठावरची पोरे हसली. मीही किंचित हसलो. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागची भिंत, जिच्यापलीकडे एका जुन्या कबरीची पोकळ माती होती, आवाज न करता खाली बसली.

माती थांबली तेव्हा राजवीरचे डोके, मान आणि एक हात तेवढा वर उरला होता. त्याचा चेहरा काळानिळा पडू लागला. समोरच्या भिंतीवरही बोटभर रुंदीची चीर वरून खालपर्यंत धावलेली होती, आणि त्या भिंतीच्या माथ्यावर मातीचा ढीग जसाच्या तसा होता.

पोरे आरडत धावली. एकाने दोर टाकला, दुसरा खाली उडी घेण्याच्या बेतात होता. मी चर्चच्या दारात जाऊन ओरडलो. काय ओरडलो ते आता स्मरत नाही. सुभेदार पेटीपासून उठले आणि आपला नियम ओलांडून दफनभूमीत आले. त्यांनी एकदाच खाली पाहिले.

"सरा मागं! काठावर कुणी हुबा ऱ्हायाचं न्हाय. त्यो दोर सोडा हातातनं. वडायचं न्हाय!"

तेवढ्यात हंबीरराव आले. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. उसाचे रान सपाट करण्याच्या कामावर त्यांचा जेसीबी उभा होता, तो त्यांनी फोन करून बोलावला होता आणि त्याचा घरघराट फाटकापर्यंत पोचलेला होता.

"फाटक उघडा!" हंबीरराव गरजले.

सुभेदार फाटकात जाऊन उभे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो मनुष्य, दफनासाठी घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, त्या पिवळ्या यंत्रापुढे काडीसारखा दिसत होता.

"हंबीरा, ह्याचं वजन काठावर आलं की ती दुसरी भिंत पोरावर बसणार."

"मग काय हातानं माती उकरत बसू? आबा, सरा बाजूला!"

"न्हाय सरणार."

"तुमची मेलीया! माझा जित्ता हाय!"

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

"व्हय. जित्ता हाय, म्हणूनच अडवतोय," सुभेदार म्हणाले. "लढाईत खंदक बसला तवा आमचा गुंडू असाच गळ्यापत्तोर गाडला गेलता. गडमुडशिंगीचा. आमी घाई केली, काखंत दोर घालून वडला. वडताना दुसरी बाजू आली. हंबीरा, मला त्यो गुंडू परत बघायचा न्हाय."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मी तुझ्या दारात यीन. मग काय करायचं ते कर."

हंबीररावांनी हात वर केला. जेसीबी बंद झाला. त्या शांततेत राजवीरचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता, आखूड आणि शिट्टीसारखा.

आता त्या तडकलेल्या भिंतीला टेकू हवा होता आणि टेकू देण्यास रुंद, पुरुषभर लांबीच्या फळ्या हव्या होत्या. आमच्या चर्चमध्ये बाके नाहीत, आम्ही सतरंजीवर बसतो. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दार लोखंडी जाळीचे. कोल्हापूरहून अग्निशमनची गाडी निघाली होती, पण ती पोचेपर्यंत भिंत वाट पाहील याची शाश्वती कोणालाच नव्हती. एकाने गोठ्याचे दार काढून आणतो म्हणून धाव घेतली, पण गोठा मळ्यात होता. आपल्याला काय सुचते आहे हे मला कळत होते, परंतु ते तोंडून निघेना.

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले.

"आकाराम. पक्कड हाय न्हवं खिशात?"

"आबा..."

"चल."

चर्चमध्ये बायका रडत बसल्या होत्या. सुभेदार पेटीपाशी गुडघ्यावर बसले. त्यांनी पत्नीच्या कपाळावर तळवा ठेवला आणि नेहमी घरात बोलत तशाच आवाजात म्हणाले, "एस्तेर, राजवीरला फळ्या पायजेत. ऊठ जरा."

आम्ही चौघांनी एस्तेरबाईंना उचलून सतरंजीवर ठेवले. सुभेदारांनी आपली सैन्यातली करडी कांबळ त्यांच्यावर घातली. मग मी माझ्याच हाताने ठोकलेले खिळे माझ्याच पकडीने उपसले. लाकूड करकरले तेव्हा माझे अंतःकरण विदीर्ण झाले, पण हात थांबला नाही.

प्रथम काठावरची माती लांबून फावड्यांनी ओढून घेतली. नंतर सुभेदार आणि मी, पोटावर सरपटत, पेटीचे झाकण व तळ त्या भिंतीला उभे लावून खाली उतरलो. पहारी आणि बांबू आडवे मारून फळ्या ताणल्या. एका क्षणी भिंत कुरकुरली आणि मातीचे ढेकूळ सुभेदारांच्या खांद्यावर पडले. वर हंबीररावांनी तोंडात मूठ कोंबली. फळी वाकली, पण धरून राहिली.

"आता ताटल्या द्या खाली. फावडं न्हाय, ताटल्या!"

दफनानंतरच्या जेवणासाठी आणलेल्या स्टीलच्या ताटल्या हातोहात खाली आल्या. त्यांनी आम्ही माती खरडत होतो आणि वर माणसांची साखळी घमेली ओढत होती. तिच्यात आमच्या मंडळीचे लोक होते आणि हंबीररावांच्या भावकीचेही. राजवीरच्या छातीवरचा भार हलका झाला तसा त्याने मोठा श्वास घेतला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

"आबा... चुकलं."

"बोलू नगंस. दम घे. परेड संपल्यावर बोल."

कमरेपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. पाय पूर्ण मोकळे झाल्याशिवाय सुभेदारांनी त्याला कोणाला ओढू दिले नाही. शेवटी त्याला सतरंजीच्या झोळीतून वर दिले, आणि आम्ही दोघे वर आलो. माझा पाय काठावर पडतो तोच मागे जड आवाज झाला. भिंत बसली होती. माझ्या आंब्याच्या फळ्या तिच्याखाली गेल्या, त्या आजही तिथेच आहेत.

राजवीरला रुग्णवाहिकेने कोल्हापूरला नेले. बरगड्या मोडल्या होत्या, जीव वाचला होता.

एस्तेरबाईंचे दफन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवले. झड उघडली होती. नवी जागा, घट्ट माती निवडली. सुभेदारांनी सदरा काढून कुदळ उचलली, तेव्हा पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "आबा, घरच्या माणसानं..."

"ती शिस्त मीच घातलीती, पाळकसाहेब. आजपासनं मोडली," ते म्हणाले, आणि पहिली पायरी त्यांनी स्वतः पाडली.

दवाखान्यातून हंबीरराव थेट दफनभूमीत आले. टेम्पोत कोल्हापूरहून विकत आणलेली पेटी होती, पितळी कड्यांची. रात्रभराच्या जागरणाने त्यांचा चेहरा उतरला होता.

"आबा, काल मी बोलू नये ते बोललो. ही पेटी तेवढी घ्या."

"पोरगं कसं हाय?"

"च्या पेला. बायकोवर ओरडला."

"मग बरं हाय." सुभेदारांनी पेटीकडे पाहिले. "ऱ्हाऊ दे, हंबीरा. मंडळीत ठिव, कुणाला तरी लागंल. तिनं काल आपली दिली. आता कांबळंच बरं."

पेटी दोरांनी खाली सोडता येते, पण कांबळीतले माणूस तसे सोडता येत नाही. कोणीतरी कबरीत उतरून त्याला हातांवर घ्यावे लागते. पाळकसाहेबांनी सर्वांकडे पाहिले. आदल्या दिवशी जे पाहिले होते ते सर्वांच्या डोळ्यांपुढे होते, आणि कोणाचेही पाऊल उचलेना. मीसुद्धा मातीकडे पाहत राहिलो.

हंबीररावांनी डोक्यावरची टोपी माझ्या हाती दिली आणि ते काठाकडे चालू लागले. सुभेदारांनी त्यांचा दंड धरला.

"उडी नगं मारूस," ते म्हणाले. "पायरीवरनं उतर."