खंडेनवमीला गळ्यातून काढलेलं यंत्र

माझा दीर विश्वजित सैन्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर येताना त्यानं माझ्या नवऱ्यासाठी, मल्हारसाठी, मुठीएवढं पिवळं यंत्र आणलं. कडेगावच्या वरच्या डोंगरात, आमच्या घराकडं, मोबाईलला रेंज नाही आणि मेंढ्या चोरणारे मोकाट. यंत्राची लाल कळ दाबली की उपग्रहावरून हाक विश्वजितच्या फोनवर जाणार, तो गावातल्या पोरांना फोन करून मदतीला धाडणार. मल्हार ते न चुकता चार्ज करी, पुसून गळ्यात अडकवी. मी चिडवायची, "माज्यापरीस त्याचंच लय लाड!"

खंडेनवमीला माझे सासरे बाळासो यांनी कुऱ्हाड, कोयता, लोकर कातरायची कातर घटापुढं मांडली आणि मल्हारच्या गळ्यातलं यंत्रही काढून घेतलं. "राखणीचं हत्यारच हाय ते. आता दसऱ्यालाच उचलायचं." बापापुढं ब्र काढायची मल्हारची हिंमत नव्हती. रिकाम्या हातानं तो मेंढरं घेऊन गेला.

दुपारी मी भाकरी घेऊन निघाले, तर ओढ्यापलीकडं टेम्पो उभा. तिघंजण मल्हारला पहारीनं बडवत होते. गुडघा फुटला तसा तो किंचाळला. एकटी जाऊन काय करणार? भाकरी तिथंच टाकून मी घराकडं पळाले.

बाळासो दारात आडवे आले. "घट उठल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"आवं मामंजी, मारत्यात त्यास्नी!"

"देवी हाय राखायला."

माझं डोकंच फिरलं. दोन्ही हातांनी ढकललं त्यांना. उंबऱ्यावर त्यांचं कपाळ फुटलं, तरी मी थांबले नाही. यंत्र उचललं, अंगणात येऊन कळ दाबली आणि कुऱ्हाड घेऊन सुटले.

ओढ्यापलीकडं पोचताच त्यांच्यातल्या एकानं माझे केस धरले. मी कुऱ्हाड फिरवली, त्याची बोटं मातीत पडली. बाकीच्यांनी त्याला टेम्पोत ओढलं आणि पळाले. पाठोपाठ गावची पोरं मोटारसायकलींवर येऊन थडकली. इतक्या लवकर आली, त्याचाच मला संताप आला; यंत्र मल्हारच्या गळ्यात असतं तर वेळेत पोचली असती. मल्हारची कवटी फुटली होती. पदर दाबून धरला तरी रक्त थांबेना. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारात बाळासो कपाळाला पट्टी बांधून आले. "देवीनं नेलं गं माज्या लेकराला!" म्हणून त्यांनी हंबरडा फोडला. बायका त्यांना सावरायला धावल्या.

"देवीच्या नावावर घालू नगा," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमी मारलं त्यास्नी."