नसलेली फांदी

"सारखी चिडचिड करतेस, जरा झाडंपानं काढायला शीक," असं वहिनीला तिच्या नवऱ्याने फर्मान सोडलं आणि शिकवायला आपल्या चित्रकार बहिणीलाच बोलावलं. वहिनीचं डोकं तिथेच फिरलं. त्यात नणंदेने आल्या आल्या खोडरबर काढून घेतलं. "पुसायचं नाही. कागदाकडे कमी, झाडाकडे जास्त बघायचं."

वहिनीने स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून समोरचं झाड दातओठ खात काढलं.

नणंद कागदावर वाकली. "वहिनी, ही डावीकडची फांदी कुठून आणलीत?"

"आणली म्हणजे? वीस वर्षं हे झाड माझ्या डोळ्यांसमोर आहे. तू मला सांगणार?"

"मग दाखवा ना."

वहिनीने तरातरा उठून बोट दाखवलं, आणि ते हवेतच राहिलं. फांदीच्या जागी नुसता सुकलेला खुंट होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोणी तोडली? कोणाची एवढी हिंमत?"

"मी तोडली," बाहेरच्या खोलीतून नवरा म्हणाला. "पक्षी गाडीवर घाण करायचे. पण आत्ता का ओरडतेस? गेल्या वर्षीच तोडली."

त्याला फाडून खायला तिने तोंड उघडलं. पण याच खिडकीत ती वर्षभर रोज भांडी घासत होती. आणि फांदी गेलेली तिला दिसलीच नव्हती.

"दे ते खोडरबर!" ती नणंदेवर खेकसली.

नणंदेने दिलं. वहिनीने ते खिडकीतून थेट गाडीच्या काचेवर भिरकावलं, आणि पेन्सिल दाबून दाबून ती फांदी आणखी काळी केली.